पडद्यामागची माणसं आणि कोकणातली सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक आली, नवा प्रकल्प जाहीर झाला किंवा गावात जमिनीचा वाद पेटला, की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: हे ठरवतंय तरी कोण? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून आणि मुंबईतल्या कोकणी वस्त्यांतून सतत येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण विषयच तसा आहे.

पडद्यामागचा माणूस म्हणजे नेमका कोण?

ज्याच्या शब्दावर निर्णय होतो, पण त्या निर्णयाच्या कागदावर ज्याची सही नसते, असा माणूस. तो ठेकेदार असेल, पक्षाच्या कार्यकारिणीत नाव नसलेला जुना नेता असेल, मासळीचा व्यापारी, देवस्थानचा मानकरी, साहेबांचा स्वीय सहायक किंवा मुंबईतल्या मंडळाचा अध्यक्ष असेल. पैसा, जात, ओळखी आणि कागदपत्रांचं ज्ञान यांपैकी एक तरी गोष्ट त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त असते. माझ्या मते कोकणात यातली शेवटची गोष्ट सर्वांत जड ठरते.

नाना फडणीसांचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. ते बरोबर आहे का?

पूर्णपणे नाही. नानांच्या घराण्याचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं वेळास, म्हणून कोकणात त्यांचा दाखला लगेच दिला जातो. पण फडणिशी हे हिशेबाचं पद त्यांच्याकडे होतं, १७७४ नंतर पेशव्यांच्या वतीने राज्य चालवणाऱ्या बारभाईंच्या कारभारात ते उघडपणे होते, आणि निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावरच येत असे.

खरा दाखला हवा असेल तर चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाकडे पाहावं. ब्रह्मेंद्रस्वामी हे तिथले संन्यासी. त्यांच्याकडे ना फौज होती ना सरदारकी, पण छत्रपती शाहू, पेशवे, आंग्रे हे सगळे त्यांना गुरुस्थानी मानत. शिवाय ते पेशव्यांना कर्ज देत. बाजीरावांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांतून कर्जाची तगमग स्पष्ट दिसते. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दी सात याने परशुरामाचं देऊळ लुटलं. त्यानंतर स्वामी साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि सिद्दीवर मोहीम काढावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तगादा लावला. १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम निघाली. १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. मोहिमेमागे इतर राजकीय कारणंही होती. तरीही श्रद्धा आणि कर्ज एकाच माणसाच्या हातात आल्यावर त्याच्या शब्दाला केवढं वजन येतं, हे इथे दिसतं. आजच्या गावातही या दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसल्या, तर लक्ष ठेवावं.

कोकणात हा प्रकार जास्त का दिसतो?

कारण कोकणातला मालक गावात नसतो. घर गावात आणि माणूस परळ, डोंबिवली, विरारला. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारसांची नोंद झालेली नाही, उरलेले एकमेकांना ओळखत नाहीत. ग्रामसभा भरते तेव्हा मतदारयादीतले कित्येक जण लोकलमध्ये लोंबकळत असतात. जो गावात हजर असतो, त्याच्या हातात आपोआप किल्ली येते: तलाठ्याला तो ओळखतो, मोजणीला तोच उभा राहतो, दाखला तोच आणून देतो. सुरुवातीला हे खरोखर उपकारच असतात. पुढे सगळ्यांची कामं एकाच्या हातून व्हायला लागली, की त्याला विचारल्याशिवाय काही हलेनासं होतं. घाटावर साखर कारखाना आणि सूतगिरणी यांतून सत्ता उभी राहिली. आपल्याकडे ती लोकांच्या गैरहजेरीतून उभी राहिली, असं मला ठामपणे वाटतं.

खोती तर कधीच गेली. मग खोतांचं वजन अजून कसं?

कायद्याने गेली. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा. त्याआधी १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं होतं, आणि अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा संप करून जमिनी पडीक ठेवल्या होत्या. सहा वर्षं शेत न कसता तग धरणं म्हणजे काय, हे ज्यांच्या आज्यांनी सोसलं त्यांनाच कळेल.

पण कायदा आला तेव्हा ज्याला तो वाचता आला, त्याने आपली जमीन वाचवली. अनेक कुळांची नावं वेळेत लागली नाहीत. काही ठिकाणी लागलेली नावं पुढच्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलताना, गेली. खोताचं घर आता बंद असेल, पण जुने कागद कोणाच्या पेटीत आहेत, हा प्रश्न आजही गावात पैसे मिळवून देतो. आज वजन असलेला माणूस जुन्या खोत घराण्यातलाच असेल असं नाही. बऱ्याचदा तो खोताच्या कारकुनाची जागा घेतलेला असतो.

गावकी, मानकरी, बारा-पाच यांना याच यादीत घालायचं का?

सरसकट नाही. सिंधुदुर्गातली गावऱ्हाटी, म्हणजे ग्रामदेवतेभोवतीची मानपानाची आणि रूढींची व्यवस्था, उघड्यावर चालते. बारा-पाच हे तिचेच मानकरी. कोणता मान कोणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार, कौल कोण लावणार, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पालखी आधी कोणाच्या खळ्यात जाणार यावरून भांडणं होतात, ती तरी सर्वांसमोर होतात.

गावकी मतदान ठरवू लागली, विवाहावर निर्बंध घालू लागली किंवा न ऐकणाऱ्याला वाळीत टाकू लागली, की प्रश्न सुरू होतो. रायगड जिल्ह्यात अशा तक्रारी इतक्या आल्या की राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा असून तो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पाणी बंद करणं, दुकानातून माल न देणं, मयतीला जाऊ नये असा फतवा काढणं, हे सगळं यात येतं. "गावाने ठरवलं" हे उत्तर पोलिसांना पुरत नाही.

मुंबईतलं आमचं ग्रामस्थ मंडळ गावाचं राजकारण ठरवतं. हे चूक आहे का?

मंडळांचे उपकार मोठे आहेत. शाळेची इमारत, देवळाचा जीर्णोद्धार, नळपाणी योजनेची लोकवर्गणी हे सगळं गिरणगावातल्या खोल्यांत बसून, पगारातून पैसे काढून लोकांनी केलं. १९८२ च्या संपात गिरण्या बसल्या, तरी गावाकडची वर्गणी पुष्कळांनी थांबवली नाही. याबद्दल आदरच हवा.

पण मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या सुटतात, तेव्हा भाडं कोणी भरलं हे विचारलं पाहिजे. मंडळाच्या वर्गणीतून भरलं असेल तर तसा ठराव असायला हवा. उमेदवाराने भरलं असेल तर तो गुन्हा आहे, कारण मतदारांना फुकट वाहन पुरवणं हा निवडणूक कायद्याने भ्रष्ट मार्ग मानलेला आहे. मंडळ नोंदणीकृत असेल, तर विश्वस्त किंवा कार्यकारिणीची यादी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मिळते. अनेक ठिकाणी कागदावर एक समिती असते आणि शब्द दुसऱ्याचाच चालतो. असे बदल वर्षानुवर्षं कळवलेलेच नसतात.

सरपंच महिला आहे, कारभार नवरा बघतो. यावर काय करता येतं?

महाराष्ट्रात पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. २०२२ पासून पुन्हा सरपंच थेट जनतेतून निवडला जातो. तरीही मासिक सभेत खुर्चीत ती आणि बोलायला तो, हे दृश्य ठिकठिकाणी दिसतं. ग्रामसभेत प्रश्न सरपंचांना नाव घेऊन विचारा, उत्तर त्यांच्याच तोंडून मागा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. सभेत सदस्य नसलेल्या माणसाने बोलू नये असा आग्रह धरा. पहिल्या दोन सभांत बाई गप्प राहतील. तिसऱ्या सभेत बोलू लागतात, असा अनुभव अनेक गावांचा आहे, आणि अशा कित्येक बाईंनी पुढे त्या नवऱ्यापेक्षा बरा कारभार केला आहे.

मासळी आणि आंबा यांचा सत्तेशी काय संबंध?

फार जवळचा, आणि याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका शाकारायची, इंजिन उघडायचं, जाळी भरायची, खलाशांना आगाऊ द्यायचे. हा पैसा बँकेपेक्षा व्यापाऱ्याकडून लवकर मिळतो. मग हंगामात म्हावरं त्याच व्यापाऱ्याला, तो सांगेल त्या दराने द्यावं लागतं. हर्णै बंदरावर किनाऱ्यावर जाहीर लिलाव होतो, बोली सगळ्यांच्या कानावर पडते. पण उचल घेतलेल्या नाखव्याला, म्हणजे नौकामालकाला, त्या बोलीचा उपयोग मर्यादितच. पर्ससीन (माशांचा थवाच घेरणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमार आंदोलन करतात. त्या वेळी एखादी सोसायटी अचानक गप्प बसली, तर कोणाचं कर्ज कोणावर आहे ते पाहावं. उत्तर बहुधा तिथे सापडतं.

आंब्याचं तसंच. फवारणी, राखणदार, पेट्या यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात दलाल रक्कम देतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पेटी वाशीला त्याच्याच गाळ्यावर जाते. दर काय लागला ते पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर कळतं. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि शेतकऱ्याकडून अडत घेणं बंद करण्यात आलं, तरी आगाऊ घेतलेली रक्कम माणसाला बांधून ठेवतेच. निवडणुकीत बागायतदारांनी कोणाला पाठिंबा द्यावा, याचा निरोप कधीकधी त्या गाळ्यावरून येतो. थेट ग्राहकाला पेटी विकणारे तरुण बागायतदार वाढले, ही मला कोकणच्या राजकारणातलीही चांगली बातमी वाटते.

मोठ्या प्रकल्पांमागे कोण असतं? एन्रॉनचं उदाहरण अजून का दिलं जातं?

कारण त्यातला बराच भाग आता कागदावर आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीजप्रकल्पासाठी जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचं शिष्टमंडळ भारतात आलं आणि २० जूनला, म्हणजे काही दिवसांतच, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असं सांगून कर्ज नाकारलं, तरी तो पुढे गेला. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला, तोही आधीपेक्षा मोठा. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. विजेचा दर झेपेना म्हणून २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने या कराराची चिकित्सा करून त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

यातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. या प्रक्रियेत भारतीयांचं 'शिक्षण' आणि प्रकल्पविकास यांवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले, असं कंपनीच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितलं. पैसा लागला गुहागरच्या प्रकल्पासाठी, आणि त्याचा पत्ता आपल्याला लागला वॉशिंग्टनमधून. हा खर्च लाच होता असं कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही, आणि तसं म्हणूही नये. पण प्रकल्पाशेजारच्या वेलदूर-अंजनवेलच्या माणसाला हा हिशेब त्याच्या स्वतःच्या सरकारकडून मिळायला हवा होता.

प्रकल्प जाहीर होण्याआधीच बाहेरचे लोक जमिनी कशा घेतात?

माहिती आधी पोहोचते म्हणून. नाणारच्या रिफायनरीच्या वेळी ही तक्रार मोठ्या प्रमाणावर झाली. २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं आणि पुढे चर्चा बारसू-सोलगावकडे सरकली, तेव्हाही तेच बोललं गेलं. पद्धत अशी असते: आधी गावातला एक हजर माणूस गाठायचा. तो मुंबईतल्या सहहिस्सेदारांच्या घरी जातो, "पडीक कातळ आहे, काय उपयोग" म्हणून कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकारपत्रावर, सह्या घेतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो, म्हणून आधी एखाद्या शेतकऱ्याच्या नावावर, मग पुढे. मूळ मालकाला मिळालेला दर आणि शेवटचा दर यांतला फरक मधल्यांच्या खिशात जातो.

पडद्यामागे राहणारे सगळे वाईटच का?

मुळीच नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाणी घेतलं, हे शाळेत शिकवतात. त्याच्या मागे किती हात होते, ते कमी सांगितलं जातं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी आणला. महाडमध्ये परिषद भरावी म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरले. अनंतराव चित्रे यांनी व्यवस्था अंगावर घेतली. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, म्हणजे सुरबानाना, गावाचा रोष पत्करून पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला भरलेल्या दुसऱ्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली.

यांच्यापैकी कोणी त्या कामातून जमीन, ठेका किंवा दलाली मिळवली नाही. विचारल्यावर आपण काय केलं ते ते सांगू शकत होते. पडद्यामागच्या माणसाचं मोजमाप करताना मी हेच दोन प्रश्न विचारते: या कामातून त्याला काय मिळालं, आणि विचारल्यावर तो उत्तर देतो का?

निवडणुकीचे सल्लागार आणि देणगीदारही यातच येतात का?

येतात. सर्वेक्षण, मजकूर, बूथचं नियोजन हे काम आता पगारी कंपन्या करतात आणि उमेदवारीवरही त्यांचं मत घेतलं जातं. देणगीदारांची नावं लपवणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली, त्यानंतर ती यादी जाहीर झाली. तालुका पातळीवरचा पैसा मात्र रोखीत फिरतो आणि कोणत्याच यादीत दिसत नाही.

यावर कायदा नाही का?

लॉबिंग करणाऱ्यांनी नोंदणी करावी असा कायदा भारतात नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ७-अ आहे: सरकारी नोकरावर वैयक्तिक वजन वापरून काम करून देण्यासाठी कोणी गैरलाभ घेतला, तर तीन ते सात वर्षं कैद. "साहेबांकडून करून देतो, एवढे लागतील" म्हणणारा मध्यस्थ यात सापडू शकतो.

पुरावा कुठे शोधायचा?

कुजबुजीत शोधू नका, कागदात शोधा. ग्रामपंचायतीने कोणत्या कामाचे किती पैसे कोणाला दिले, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं. शासकीय निविदा कोणाला गेली ते महाटेंडर्सवर. ठेकेदार कंपनीचे संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. जमिनीचे नोंदणीकृत व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये, सूची क्रमांक २ मध्ये. एकच आडनाव आणि एकच पत्ता चार ठिकाणी दिसला, की चित्र उभं राहतं.

उरलेलं माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तरासाठी तीस दिवस. "रस्त्यात भ्रष्टाचार झाला का?" असं विचारू नका. मोजमाप पुस्तिका, देयकं आणि कार्यारंभ आदेश यांच्या प्रती मागा.

विचारणाऱ्याला धोका असतो का?

असतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारीशे यांनी रिफायनरीच्या बाजूने काम करणाऱ्या जमीन-दलालाविषयी बातमी दिली. ६ फेब्रुवारी २०२३ ला, बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांना गाडीखाली चिरडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. तालुक्याच्या ठिकाणी, सर्वांना ओळखणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडलं. त्यामुळे "घाबरू नका" असं मी कोणाला सहज सांगणार नाही. एकट्याने अर्ज करू नका. एकाच विषयावर पाच-सात जणांनी वेगवेगळे अर्ज करावेत, त्यातले काही मुंबईकरांनी मुंबईतून करावेत. धमकी आली तर फोनवर वाद न घालता त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मी मुंबईत आहे. माझ्या हिश्शाच्या जमिनीसाठी आज काय करू?

आधी सातबारा आणि आठ-अ काढा, ऑनलाइन मिळतात. वडील-आजोबा वारले असतील तर वारसनोंद करून घ्या, भावंडांशी कितीही अबोला असला तरी. पूर्वी कोणाला कुलमुखत्यारपत्र दिलं असेल, तर ते नोंदणीकृत दस्ताने रद्द करा, त्या माणसाला लेखी नोटीस द्या, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या आणि दुय्यम निबंधक व तलाठी यांना प्रत पाठवा. त्याने त्या व्यवहारात पैसे गुंतवले असतील तर रद्द करणं सोपं नसतं. अशा वेळी आधी वकिलाला दाखवा. त्यानंतर 'आपली चावडी' या संकेतस्थळावर आपल्या गावाचं पान अधूनमधून उघडत जा. नवा फेरफार दाखल झाला की त्याची नोटीस तिथे लागते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात.